डिसेंबरात अमेरिकेहून पाहुणे येणार असतील तर: फिरणं, जेवणं आणि ओटीचे नारळ

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आमच्या घरी डिसेंबरची बोलणी सुरू होतात. माझी नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं न्यू जर्सीला असतात, मोठी भाची तेरा वर्षांची, धाकटा भाचा नऊचा, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा नाताळच्या सुट्टीत पंधरा-सोळा दिवस पुण्याला येतात. आत्तापर्यंत चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला जिथे जिथे चुकता येतं तिथे तिथे चुकलो आम्ही, म्हणजे नऊ दिवसांत अकरा घरची आमंत्रणं, त्यातच महाबळेश्वर, त्यातच कोल्हापूर, आणि शेवटी खंबाटकी घाटात भाचीने (तेव्हा पाच वर्षांची होती) कोणाकडची तरी श्रीखंड-पुरी गाडीतच बाहेर काढली आणि पुढचे दोन दिवस ती फक्त ताक-भातावर होती. नणंद रडवेली, सासूबाई म्हणतायत पोरीला दृष्ट लागली, आणि मी सीट कव्हर धुतेय. चौथ्या खेपेला बऱ्यापैकी जमलं म्हणून लिहून ठेवतेय. पुण्याचं लिहितेय कारण मला पुणंच माहितीये, तुमच्या गावाप्रमाणे ठिकाणं बदला.

दोन गोष्टी आधी सांगते. एक, दिवसाला एकच ठिकाण आणि एकच मोठं जेवण, दुसरं जेवण घरचं हलकं. दोन, ठिकाणं निवडताना "तिथे बघण्यासारखं काय आहे" हे विचारू नका, "तिथे गेल्यावर घरातलं कोण बोलायला लागेल" हे विचारा. मुलांनी तिकडे डिस्ने बघितलंय, मोठमोठी म्युझियम बघितलीयेत, आपण त्यांना उंच आणि भव्य काय दाखवणार. पण आजी जिथे आपणहून गोष्टी सांगायला लागते ती जागा त्यांच्याकडे नाहीये.

तिकीट बुक झालं की लगेच विचारायच्या गोष्टी

व्हॉट्सॲपवर "काय खायला करू" असं मोघम विचारू नका, उत्तर येतं "काहीही चालेल". सरळ विचारा, कोणाला कशाची ऍलर्जी आहे, दूध पचतं का, कुठली औषधं चालू आहेत. आमच्या भाच्याला शेंगदाण्याची ऍलर्जी आहे हे आम्हाला तो अडीच वर्षांचा असताना कळलं, आणि खरं सांगते, तोपर्यंत आपल्या स्वयंपाकात शेंगदाणा किती ठिकाणी असतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. साबुदाण्याची खिचडी सोडाच, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, ठेच्यात, चिवड्यात, गुळाच्या पोळीत, काही घरी तर पातळ भाजीत पण दाणे, आणि वर तेलही शेंगदाण्याचंच. "थोडासाच घातलाय" हे ऍलर्जीला कळत नाही. ते असतील तेवढे दिवस मी कुटाचा डबा चक्क माळ्यावर ठेवते, तेल सूर्यफुलाचं आणते, कोशिंबिरीला ओलं खोबरं घालते, आणि मुख्य म्हणजे मिक्सरचं चटणीचं भांडं नवीन घेते, कारण जुन्या भांड्याच्या पात्याखाली कूट अडकलेलं असतंच, कितीही घासा. ऍलर्जीचं इंजेक्शन (ते पेनसारखं असतं) त्यांनी तिकडूनच दोन घेऊन यायचं, आपल्याकडे केमिस्टकडे ते सहज मिळत नाही. आणि ज्या ज्या घरी जेवायला जाणार त्या प्रत्येक घरी तुम्ही स्वतः आधी फोन करा, नणंदेला करायला लावू नका, ती सांगते तेव्हा लोकांना वाटतं अमेरिकेला गेली आणि नखरे आले.

दुसरी गोष्ट, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते). अमेरिकन पासपोर्टवाल्या पाहुण्यांकडे हे कार्ड असेल तर पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी त्यांना आपल्याच दराने तिकीट मिळतं. शनिवारवाड्याला आपल्याला २५ रुपये आणि परदेशी माणसाला ३००, वेरूळ-अजिंठ्याला ४० आणि ६००, म्हणजे फरक बघा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीटच नसतं. पण कार्ड सोबत हवं, "घरी विसरलं" म्हणून खिडकीवर चालत नाही, आम्ही एकदा शनिवारवाड्याला ५५० रुपये जास्त भरून शिकलोय. फोनमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका.

एअरपोर्ट

फ्लाइट बहुतेक मुंबईलाच उतरते आणि ती पण मध्यरात्रीच. इथे सगळ्यांची एक चूक ठरलेली, सगळं घर आणायला जातं. माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा, चार माणसं, म्हणजे आठ मोठ्या बॅगा आणि वर पाठीवरच्या सॅक. इनोव्हामध्ये ड्रायव्हर धरून पाच माणसं आणि आठ बॅगा हेच मुश्किलीने बसतं, वर कॅरियर लागतो, त्यात तुम्ही, मामा, आजी कुठे बसणार? एकानेच जा किंवा नुसती गाडी पाठवा, आजीला दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला घरीच थांबू दे, त्यातच तिचा आनंद आहे. एक्सप्रेसवेवर फूड मॉलला फक्त बाथरूमपुरतं थांबा. मुलं बटाटेवड्याच्या वासाने वेडी होतात, पण पंधरा-सोळा तासांच्या प्रवासानंतर पहाटे चार वाजता तो वडा आणि पुढे खंडाळ्याचा घाट, नको.

घरी आल्यावर मऊ भात, मेतकूट, तूप, लोणच्याचा खार. एवढंच. मी पहिल्या खेपेला रात्री जागून पुरणपोळ्या केल्या होत्या, कोणी अर्ध्यापेक्षा जास्त खाल्ली नाही आणि मी दोन दिवस मनातल्या मनात फुगून बसले. त्यांची काही चूक नव्हती, पोट पण जेटलॅगमध्ये असतं.

हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा त्यांच्या पोटात दुपारचे साडेचार असतात, शाळेतून आल्यावरची भूक. मुलं तीनला टक्क जागी होणार आणि स्वयंपाकघरात डबे उघडणार, हे गृहीत धरा. ओट्यावर केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिनदाण्याचा चिवडा, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली असं मांडून ठेवा आणि तुम्ही झोपा. पाणी पहिल्या दिवसापासून उकळलेलं नाहीतर सीलबंद, दात घासायला पण तेच. बाहेरचा बर्फ, कापून ठेवलेली फळं, पुदिन्याचं पाणी हे पहिले चार-पाच दिवस नाहीच. ओआरएसची पाकिटं आणून ठेवा, लागतील.

पहिले दोन-तीन दिवस, जेटलॅग वापरून घ्या

नाहीतरी सगळी पहाटे उठलेलीच असतात, तर तासभर दात घासत फिरण्यापेक्षा उजाडता उजाडता पर्वतीला न्या. १०३ पायऱ्या, बऱ्यापैकी रुंद, डिसेंबरची थंडी, वरून सगळं पुणं धुक्यात, गर्दीत रोजचे पर्वती चढणारे आजोबा लोक. पानिपतानंतर काही महिन्यांतच नानासाहेब पेशवे इथेच वारले, १७६१ साली, त्यांची समाधी वर आहे, मुलांना एवढंच सांगा, पूर्ण पेशवाई सांगत बसू नका. आमच्या सासूबाईंचे गुडघे आता पायऱ्यांना होत नाहीत, त्या खाली गाडीत बसल्या होत्या, पण खाली उतरल्यावर भाचीने विचारलं "आजी तू चढायचीस?" तर म्हणाल्या, परीक्षेच्या आधी रोज चढायचे, पास व्हायला. हे आम्हाला पण माहीत नव्हतं.

येताना गरम पोहे आणि चहा. दुपारी झोपू द्या, पण दोन तासच, मग कितीही कुरकुर केली तरी उठवा, नाहीतर ते चक्र आठवडाभर सुटत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बागेत नाहीतर गच्चीत, उन्हात राहिलं पाहिजे.

तिसऱ्या पहाटे सिंहगड, तेही आठवड्यातल्या मधल्या वारी. शनिवार-रविवारी घाटरस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते त्यात सगळा मूड जातो. गाडी वरपर्यंत जाते त्यामुळे ज्येष्ठांना पण नेता येतं. तानाजी मालुसरेंची गोष्ट (१६७० चा फेब्रुवारी) मुलांना गाडीत जाता जाता सांगा, वर गेल्यावर वाऱ्यात कोणी ऐकत नाही. नंतर पिठलं, भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. इथे एक सांगते, परदेशातून आलेल्या माणसाला पहिलं "बाहेरचं" खाणं म्हणून सिंहगडची पिठलं-भाकरी सगळ्यात सेफ, डोळ्यासमोर चुलीवर होतं आणि गरम ताटात येतं. दही मात्र मुलांना नको पहिल्याच दिवशी, आणि ठेच्यात दाणे आहेत का ते विचारा, असतातच.

गावातलं फिरणं

शनिवारवाडा बघून सगळे बाहेरचे पाहुणे एकच म्हणतात, आत तर काहीच नाही! बरोबर आहे, १८२८ च्या आगीत आतलं लाकडी सगळं गेलं, राहिले ते चौथरे, तटबंदी आणि दिल्ली दरवाजा. म्हणून आत जायच्या आधी बाहेर उभं राहूनच गोष्ट सांगायची. १७३२ साली बाजीरावाने वास्तुशांत केली तिथपासून ते १७७३ मध्ये नारायणराव "काका मला वाचवा" करत कुठल्या दालनांतून धावला तिथपर्यंत. आणि दरवाज्याचे खिळे दाखवा, हत्तीने धडक मारू नये म्हणून लावलेले, भाचा त्या एका खिळ्यापाशी दहा मिनिटं उभा होता. चाळीस मिनिटांत बाहेर या, ऊन चढायच्या आत.

माझं मत विचाराल तर एकच ठिकाण दाखवायचं असेल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवा, शनिवारवाडा राहिला तरी चालेल. तिथे दिवे, अडकित्ते, वज्र्या, पानाचे डबे, कुलपं, बाहुल्या, वाद्यं, म्हणजे घरातल्याच वस्तू आहेत पण कोणीतरी आयुष्यभर वेड्यासारख्या जमवलेल्या, आणि हे सगळं त्यांनी आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने ठेवलंय, राजा हे त्या मुलाचं नाव. सासूबाईंना व्हीलचेअरवरून नेलं होतं, वरचे मजले नाही बघता आले, पण खालीच अडकित्त्यांपाशी ज्या सुरू झाल्या, की असा आमच्या माहेरी होता, तो माझ्या आत्याने मोडला, मग आजोबा तिच्याशी चार दिवस बोलले नाहीत. भाची मोबाईल खिशात ठेवून ऐकत होती. तिला मराठी पूर्ण कळतं, बोलते इंग्लिशमध्ये, पण त्या दिवशी "मग?" "मग काय झालं?" एवढं मराठी आलं.

तिथून तुळशीबाग, बाजीराव रोडवरून पायी जवळ आहे. पितळी भातुकली घ्या, वजनाला हलकी आणि तिकडे कोणाला द्यायला पण छान. पैशाचं एक लक्षात ठेवा, पाहुण्यांची परदेशी कार्डं छोट्या दुकानात चालत नाहीत आणि सगळं जग इथे क्यूआर कोडवर चालतं, त्यामुळे त्यांना सतत तुमच्याकडे बघावं लागतं आणि ते त्यांना आवडत नाही. सकाळीच मुलांच्या हातात पाचशे-पाचशे रुपये सुट्टे द्या, म्हणा हे तुमचं, काय करायचं ते करा. भाच्याने सगळ्याचे भोवरे आणले. आणलेत तर आणलेत.

आगाखान पॅलेस शांत आहे, मोठी झाडं आहेत, आणि आजी-आजोबांना सपाट चालता येतं. गांधीजी १९४२ ते १९४४ इथे नजरकैदेत होते, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघंही इथेच गेले, मागच्या बाजूला समाध्या आहेत. अमेरिकेत शाळेत गांधी थोडेफार शिकवतात त्यामुळे मुलांना धागा सापडतो.

दुपारी उन्हातून आलं की मस्तानी (आईस्क्रीम घातलेलं घट्ट मिल्कशेक), हा नियमच. आणि मिसळ खायचीच असेल (खायचीच असते, जावईबापू विमानातच ठरवून येतात) तर सकाळी अकराच्या सुमारास, रिकाम्या पोटी नाही, तर्री वेगळ्या वाटीत मागवायची, मुलांना नुसती मटकी, फरसाण वेगळं आणि पाव. फरसाणमध्ये दाणे असतात म्हणून आमच्या भाच्याची प्लेट बिनफरसाणाची, तो पाव आणि दही खातो आणि खूश असतो.

जेजुरी आणि लांबचं

कुलदैवताला जायचंच असतं, त्यातून सुटका नाही आणि नसावी पण. आमचा खंडोबा, म्हणजे जेजुरी, पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी नका जाऊ, सोमवती अमावास्येला तर अजिबात नाही, आणि मार्गशीर्षातली चंपाषष्ठी कधी पडते तेही कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. मुलांना जुने कपडे घाला, भाचीने पांढरा स्वेटशर्ट घातला होता, तो आता कायमचा पिवळा आहे आणि ती तोच शाळेत घालून जाते. भंडारा डोळ्यात जातो, गॉगल घालू द्या, देवाला चालतो. "येळकोट येळकोट जय मल्हार" हे गाडीत जातानाच शिकवून ठेवा, दोन्ही मुलं एवढी ओरडली की पुजारी हसायला लागले. दर्शन झाल्यावर खाली उतरून उसाचा रस प्यायचा मोह होईल, त्यात बर्फ असतो.

२४ डिसेंबर ते १ जानेवारी महाबळेश्वर आणि लोणावळा यांचं नाव काढू नका. सगळा महाराष्ट्र तिकडेच असतो, पसरणी घाटात गाडीतून उतरून चाललात तर लवकर पोचाल. त्याऐवजी वाईलाच थांबा. ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, मग मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि तिथल्या घाटावरची ती पोर्तुगीज घंटा, १७०७ सालची. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यातली ही. ख्रिसमसच्या आठवड्यात मुलांना देवळातली चर्चची घंटा दाखवायला मिळाली, याहून काय पाहिजे. जेवण डब्यातलं, घाटावर बसून, दशम्या, लसणाची चटणी (बिनदाण्याची) आणि दही. ही आमची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगली सहल झाली.

वेरूळ-अजिंठा दाखवायचं असेल तर दोन मुक्काम पाहिजेतच, एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्यांना मी हात जोडते. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद, त्यामुळे बुधवार-गुरुवार धरा म्हणजे डोक्याला ताप नाही. छत्रपती संभाजीनगरला राहायचं, वेरूळ तिथून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास. वेरूळला ३४ लेणी आहेत, सगळी बघायची नाहीत, सकाळी उघडल्या उघडल्या आधी थेट सोळा नंबर, कैलास. मुलांना आधी बाजूच्या डोंगरावरच्या वाटेने वर न्या आणि वरून दाखवा, म्हणजे हे देऊळ बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलेला आहे हे न सांगता कळतं, खालून बघितलं तर ते नुसतं देऊळ दिसतं. अजिंठ्याला आपली गाडी अलीकडेच लावून बसने आत जावं लागतं, आणि चित्रांवर फ्लॅश मारायला बंदी आहे. आत अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्या, लगेच पुढच्या लेण्यात पळू नका. ज्येष्ठांसाठी डोलीवाले असतात, भाव आधी ठरवा.

या सहलीचा परतीचा दिवस १ जानेवारी धरू नका. त्या दिवशी पेरण्याला (कोरेगाव भीमाजवळ) जयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, नगर रोडची वाहतूक वळवलेली असते. एक दिवस आधी नाहीतर नंतर निघा. ड्रायव्हरदादांचा मुक्काम, भत्ता आधी बोलून घ्या, आणि जेवायला आपल्याच टेबलावर बोलावा, ते नाही म्हणाले तर त्यांना त्यांचं ताट वेगळं सांगा, पण विसरू नका. पाहुण्यांच्या मुलांचं याच्याकडे बरोबर लक्ष असतं.

वेळ असेल तर हुरडा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसं कोवळी असतात, शेतात गोवऱ्यांवर भाजून हातावर चोळून देतात. सोबतची चटणी दाण्याचीच असते, भाच्यासाठी गूळ आणि दही. मला विचाराल तर कुठल्याही हॉटेलच्या थाळीपेक्षा हा पाहुणचार भारी, फक्त घरचं उकळलेलं पाणी न्या.

आमंत्रणं, म्हणजे खरं संकट

फिरण्याने कोणी आजारी पडत नाही, आमंत्रणांनी पडतं. "नुसते चहाला या" म्हणतात, आणि तिथे गेल्यावर बटाटेवडे, शिरा, वेफर्स, वर आईस्क्रीम, आणि "एवढंही नाही खाल्लं, आमच्याकडचं आवडलं नाही वाटतं". असं दिवसाला तीन घरी.

आम्ही काढलेला तोडगा असा. पाहुणे आल्यानंतरचा पहिला नाही, दुसरा रविवार, सोसायटीचा हॉल, सकाळी दहा ते चार, दोन्हीकडचे सगळे नातेवाईक एकदमच. साठ माणसं झाली मागच्या वेळी. जेवण आचाऱ्याकडून, मेनू साधा, मसालेभात, मठ्ठा, अळूचं फदफदं (दाणे न घालता, आचाऱ्याला तीन वेळा सांगा, मग उभं राहून बघा), बटाट्याची भाजी, पुरी, जिलबी. आणि बुफे नको, पंगत घाला. बुफेमध्ये पाहुणे कोपऱ्यात उभे राहतात आणि प्रत्येक जण येऊन "ओळखलंस का मला?" विचारतो, मुलांची परीक्षाच. पंगतीत मुलांना वाढायला लावा. ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, मध्ये भाताची मूद आणि वरण, तूप शेवटी, हे आदल्या रात्री घरी एकदा शिकवलं. भाचा मीठवाला झाला, साठ पानांवर चिमूट-चिमूट मीठ वाढत गेला आणि प्रत्येक पानाशी कोणीतरी त्याला थांबवून नाव विचारलं, गालगुच्चा घेतला, तो पुढे सरकला. ओळख झाली आणि दोन मिनिटांच्या वर कोणी पकडून ठेवलं नाही. भाचीकडे जिलबी होती, तिला "आग्रह" शब्द समजावून सांगितला तर म्हणे म्हणजे नाही म्हटल्यावर परत विचारायचं? हो. किती वेळा? आमच्यात दोनदा, जावयाला तीनदा.

घरी मात्र आग्रह एकदाच, हे मी सासूबाईंकडून कबूल करून घेतलंय. मुलांना पानात टाकायचं नाही हे माहितीये म्हणून ती पोट फुटेपर्यंत खातात, त्यापेक्षा आधीच कमी वाढायचं, परत घेऊ दे. तिखटाचं म्हणाल तर हिरवी मिरची बारीक चिरून घालू नका, मोठे उभे तुकडे घाला, बाजूला काढता येतात, आणि मोठ्यांसाठी ठेचा वेगळा ठेवा.

जे हॉलला येऊ शकत नाहीत, म्हणजे नव्वदीच्या मावशीआजी, कोणी अंथरुणाला खिळलेलं, तेवढ्यांच्या घरी जायचं. जाताना त्यांच्या सुनेला फोन करून सांगा, आम्ही जेवून येतोय, फक्त पाणी घेऊ. त्या सुनेचे दोन तास वाचतात, ती मनातल्या मनात दुवा देते. अर्ध्या तासात उठा, म्हातारी माणसं दमतात आणि थांबा म्हणत राहतात.

बिलाचं

हॉटेलात बिल आलं की झटापट ठरलेली. एकजण वेटरला बाजूला नेतो, दुसरा खिशात हात घालतो, मुलं बघतायत. आम्ही आता येण्याआधीच ठरवतो, घरातलं आणि पुण्यातलं आमच्याकडे, एक मोठी सहल त्यांच्याकडे, गाडी-हॉटेल सगळं धरून. कोणाला कमीपणा नाही. "तुम्हाला काय, डॉलरमध्ये कमावता" हे वाक्य घरात कोणीही काढायचं नाही, आणि त्यांनी पण प्रत्येक मेनूकार्डाला डॉलरच्या भावाने भागून "अरे किती स्वस्त" म्हणायचं नाही, हे नणंदेला मीच सांगितलंय, ती चिडली नाही.

बॅगा

शेवटचे दोन दिवस कुठेही जायचं नाही, ते बॅगांचे. आपण सगळे देतो भरपूर आणि तेवीस किलोचा काटा कोणाला दया दाखवत नाही, म्हणून हातात धरायचा छोटा वजनकाटा आणून ठेवा. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लाडवाचं भाजलेलं पीठ हे सगळं मोठ्या बॅगेतच टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीलिटरच्या वर पूड असली की वेगळी काढून तपासतात, पटलं नाही तर ठेवूनही घेतात. लोणच्याच्या बरणीला झाकणावर प्लास्टिक, मग दोन पिशव्या, मग जुना टॉवेल. ताजी फळं, रोपं, मांसाहारी पदार्थ न्यायचे नाहीत, आणि कढीपत्ता पण नाही, सासूबाई दर वेळी गुपचूप वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात आणि मी दर वेळी काढते. खाण्याचं जे काही नेलंय ते तिकडच्या कस्टमला सांगून टाकायचं, लपवलं तर दंड.

आणि राहिले ते नारळ. प्रत्येक घरी ओटी भरतात, प्रत्येक ओटीत एक नारळ, न्यू जर्सीला तर ते जाणार नाहीत. मागच्या खेपेला तेवीस जमले. पाहुणे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घर भकास वाटतं तेव्हा मी आणि सासूबाई खवायला बसतो, अर्ध्यांच्या वड्या, शेजारी आणि ड्रायव्हरदादांकडे एकेक डबा, बाकीचे सोलून फ्रीझरमध्ये. जानेवारीभर कोशिंबिरीत तेच खोबरं पडतं. कुटाचा डबा माळ्यावरून काढायचा मलाच कंटाळा येतो.